वारसाचा हिस्सा कोठे नोंदवावा?
(माहितीप्रणालीची घडण : लेखांक ४)

माहितीप्रणाली उभारताना वापरणाऱ्याची गरज समजून घेणे हा पहिला टप्पा असतो, आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत नेमका तोच सर्वांत घाईने उरकला जातो. मुंबई विद्यापीठाच्या २०१९च्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमाने लघुप्रकल्पासाठी तीन ते चार विद्यार्थ्यांचा गट, गरजांचे सर्वेक्षण, त्यातून ठरवलेली समस्या आणि लॉगबुकातील साप्ताहिक नोंद अशी चांगली रचना घालून दिली आहे. तरीही ग्रंथालय किंवा वसतिगृह यांच्या व्यवस्थापनाचे तेच विषय पुन्हा पुन्हा निवडले जातात, कारण त्यांचे नियम आधीच ठाऊक असल्याने कोणाला काही विचारावे लागत नाही.

पनवेल-खारघर परिसरातील महाविद्यालयांच्या हाकेच्या अंतरावर ओव्यासारखी गावे आहेत आणि तेथे विचारण्याजोगे पुष्कळ आहे. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोसाठी या पट्ट्यातील शेतजमिनी संपादित झाल्या. पुढे जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पाच शेतकरी हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के योजना आली. संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड प्रकल्पग्रस्ताला द्यायचा आणि त्यातील ३० टक्के भाग सार्वजनिक सुविधांसाठी वजा करायचा, असा तिचा हिशेब असल्याने ४० गुंठ्यांमागे ५ आणि वजावटीनंतर साडेतीन गुंठे हाती येतात. एवढे सूत्र कोणताही गट एका दुपारी संगणकावर मांडू शकेल. खरी अडचण त्यानंतर सुरू होते.

मूळ खातेदार हयात नसेल आणि त्याला चार वारस असतील, तर प्रत्येकाचा हिस्सा कोठे नोंदवावा? पीटर चेन यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या घटक-संबंध आराखड्यात ज्यांची माहिती ठेवायची ते घटक आणि त्यांना जोडणारे संबंध वेगळे दाखवले जातात. येथे व्यक्ती आणि भूखंड हे दोन घटक आहेत. हिस्सा व्यक्तीच्या तक्त्यात लिहिला तर तिच्या दुसऱ्या भूखंडातील हिश्शाला जागा उरत नाही, आणि भूखंडाच्या तक्त्यात लिहिला तर चारांपैकी तिघे वारस गळतात. कारण हिस्सा हा त्या दोघांमधील संबंधाचा गुणधर्म आहे आणि त्यासाठी तिसरा तक्ता लागतो. पाठ्यपुस्तकात वाचलेले हे तत्त्व सामाईक खात्याचा सातबारा समोर ठेवून एखाद्या वारसाशी बोलल्यावर ज्या स्पष्टतेने उमगते, तशी स्पष्टता वर्गात क्वचितच लाभते. मात्र अशा उताऱ्यांवरील खरी नावे प्रकल्पात उतरवू नयेत. चाचणीसाठी काल्पनिक नावेच घ्यावीत.

गटातील कामाची वाटणीही येथेच पारखली जाते. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये दाखवून दिले, की माणसे वाढली की त्यांच्यातील संवादाचे दुवे त्याहून वेगाने वाढतात. चौघांत ते ६ असतात, तर आठांत २८. पडदे रचणारा विद्यार्थी हिस्सा टक्क्यांत मागत असेल आणि तक्ते रचणारा तो गुंठ्यांत साठवत असेल, तर ही विसंगती सबमिशनच्या आदल्या रात्री उघडी पडते. म्हणून परिमाणाचा निर्णय पहिल्याच आठवड्यात लॉगबुकात लिहिलेला असावा.

शेवटी बदलाचा प्रश्न उरतो. एखादा वारस निवर्तला म्हणून त्याची ओळ पुसून टाकणारी प्रणाली इतिहास गमावते. गावदप्तरात असे घडत नाही : फेरफाराची नोंद गाव नमुना सहामध्ये होते, सातबाऱ्यावर जुने नाव कंसात जाते, नवी नावे फेरफार क्रमांकासह येतात आणि जुने नाव वाचता येत राहते. विद्यार्थ्यांच्या तक्त्यातही प्रत्येक हिश्शाला आरंभाची तारीख, समाप्तीची तारीख आणि फेरफार क्रमांक हे तीन रकाने दिले, की गावदप्तरातील हीच शिस्त संगणकावर उतरते.