आजीच्या ताटात डाळ किती?

घरात साठी-सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल तर एक दिवस त्यांचं खाणं सकाळपासून रात्रीपर्यंत लिहून काढा. विचारून नाही, बघून. विचारलं की "जेवले की बाळा" एवढंच उत्तर येतं आणि आपण समाधानाने मीटिंगला निघून जातो.

आपल्या बहुतेक घरांत ही यादी साधारण सारखीच निघेल. सकाळी चहा आणि टोस्ट, नाहीतर रात्रीची चपाती चहात बुडवून. दुपारी एक चपाती, बटाट्याची भाजी, थोडा भात आणि त्यावर पातळ वरण. चार वाजता पुन्हा चहा. रात्री भूक नाही म्हणून अर्धी भाकरी. पोट भरतं, पण यातल्या प्रथिनांचा हिशेब केला तर 25 ग्रॅमही भरत नाहीत. वृद्धांना वजनाच्या दर किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असं या विषयातले तज्ज्ञ सांगतात. म्हणजे 50 किलोच्या आजीला 50 ते 60 ग्रॅम. ती निम्म्यावरच जगते आहे.

"वय झालं, आता कमीच खावं" ही समजूत अर्धीच खरी आहे. हालचाल कमी होते, म्हणून एकूण अन्न कमी लागतं. पण प्रथिनांची गरज कमी होत नाही, उलट वाढते, कारण म्हातारं शरीर तेवढ्याच प्रथिनांतून तरुणाइतके स्नायू बांधू शकत नाही. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झिजतात, साठीनंतर वेगाने. मग बांगड्या सैल होतात, उठताना गुडघ्यावर हात टेकावा लागतो आणि एक दिवस मोरीत पाय घसरतो. खुब्याचं हाड मोडलेली व्यक्ती पुन्हा पहिल्यासारखी चालेलच, याची खात्री नसते. आपण त्याला "वयच झालं" म्हणतो. त्यात ताटाचाही वाटा असतो.

एक सोपी तपासणी घरीच होते. खुर्चीवर बसवून, हाताचा आधार न घेता, पाच वेळा उठायला-बसायला सांगा. जवळ उभे राहा. 15 सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर पायातली ताकद कमी झाली आहे असं समजा आणि डॉक्टरांना दाखवा. प्रयत्न न करता सहा महिन्यांत 50 किलोचं वजन 47 झालं असेल, तरीही दाखवा.

कोसलचा राजा पसेनदी भरपेट जेवून धापा टाकत आला, तेव्हा बुद्धांनी त्याला मात्रा राखून जेवायला सांगितलं, ही संयुत्त निकायातली गोष्ट विहारात अनेकांनी ऐकली असेल. पण तो राजा होता. आपल्या आजीची अडचण उलटी आहे. मात्रा म्हणजे शरीराला हवं तेवढं. कमीत कमी नव्हे.

मग द्यायचं काय? यासाठी महागडे प्रोटीनचे डबे लागत नाहीत. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम प्रथिनं, ग्लासभर दुधात तेवढीच, मूठभर शेंगदाण्यांत 7 च्या आसपास. वरण घट्ट हवं, वरचं पाणी नव्हे. पिठलं-झुणका, मोड आलेली मटकी, चवळी हे सगळं आपल्याच घरातलं. विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन पोत्यांनी पिकतं आणि सगळं बाजारात जातं. त्यातलं थोडं भाजून गव्हात दळून आणलं तरी चपाती बदलते. सुकट आणि सुके बोंबील तर प्रथिनांनी भरलेले. खारवलेली सुकी मासळी असेल तर मात्र भिजवून, धुऊन घ्या, कारण रक्तदाब असतो.

रविवारच्या मटणाबद्दल स्पष्टच बोलायला हवं. पीस पोरांना आणि रस्सा आजीला, हे आपल्याकडे प्रेमानेच होतं. पण प्रथिनं पीसमध्ये असतात, रश्श्यात फारच थोडी उतरतात. दात नसतील तर खिमा करा. शेंगदाण्याचं कूट करा, डाळ घोटून द्या, कवळी टोचत असेल तर ती दुरुस्त करून आणा. बऱ्याचदा "भूक नाही"चा खरा अर्थ "चावत नाही" असा असतो. आणि शेवटी जेवण्याची तिची सवय मोडायची असेल तर तिला पंगतीत बसवूनच मोडेल. उरलंसुरलं खात आयुष्य काढलेली बाई स्वतःहून अंडं मागणार नाही. रेशनवर नेहमी मिळतो तो गहू आणि तांदूळ. डाळ विकत घ्यावी लागते, म्हणून काटकसर पहिल्यांदा डाळीवरच येते आणि ती काटकसर तीच स्वतःच्या वाटीत करते.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र प्रथिनं मनाने वाढवू नका, आधी डॉक्टरांना विचारा. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांच्या पायांना मुंग्या येत असतील तर बी-12 तपासून घ्या. ते या गोळीने कमी होऊ शकतं.

आणखी एक गोष्ट विहारातल्या कार्यकर्त्यांसाठी. वर्षावासात पौर्णिमेला अनेक उपासिका अष्टशील घेतात आणि दुपारी बारानंतर जेवत नाहीत. त्यांच्यातल्या कुणी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेत असतील, तर औषध पोटात आणि जेवण नाही, अशा वेळी रक्तातली साखर धोकादायक खाली जाऊ शकते. औषध मनाने बंद करणं हाही उपाय नाही. म्हणून नावं घेतानाच विचारा, मधुमेह आहे का, डॉक्टरांशी बोललात का? नसेल तर त्यांनी संध्याकाळी जेवावं. याने कुणाचं शील कमी होत नाही. विनयातही आजारी भिक्खूंना तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी मध्यान्हानंतर घेण्याची मुभा दिलेली आहे. त्या दिवशी विहारात साखरेचा डबा हाताशी ठेवा. कुणाला दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजा आणि बरं वाटल्यावर जेवू घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, 108 ला फोन करा.