कोषातून कोण बाहेर येतं?

‘रेशीम’ हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला आणि मराठीत असा मुरला की लग्नाच्या गाठीसुद्धा रेशमाच्या झाल्या. आम्ही कवी मंडळी तर तो वाटेल तिथं वापरतो. केस रेशमी, पाऊस रेशमी, आठवणीही रेशमी! पण हा धागा एका अळीच्या तोंडातून निघतो, हे आपल्यापैकी पुष्कळांनी नुसतं वाचलेलं असतं. आपलं सोलापूर धाग्यावर जगलेलं गाव. इथल्या मुलांना कापसाचं बोंड ठाऊक असतं. रेशमाचा किडा मात्र त्यांनी क्वचितच पाहिलेला असतो.

विज्ञानाच्या पुस्तकात अंडी, अळी, कोष आणि पतंग अशा चार चित्रांचं, बाणांनी जोडलेलं एक वर्तुळ असतं. मूल ते पाठ करतं, परीक्षेत काढतं आणि गुण मिळवतं. हेच वर्तुळ वर्गातल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात महिना-दीड महिन्यात डोळ्यांदेखत फिरताना पाहता येतं.

आपल्या जिल्ह्यात तुती लावून रेशीम घेणारे शेतकरी आहेत. त्यांच्याकडून थोडी अंडी किंवा लहान अळ्या मागून आणाव्यात. वर्गाला पंचवीस-तीस अळ्या पुरे. एक अळी जन्मभरात साधारण २० ते २५ ग्रॅम पाला खाते, तेव्हा जवळपास तुतीचं एखादं झाड असलं तरी भागतं. अंडी खसखशीएवढी असतात. फुटायच्या आधी ती निळसर काळी पडतात आणि सकाळच्या उजेडात त्यांतून काळ्या, केसाळ, मुंगीएवढ्या अळ्या निघतात. त्यांना कोवळा पाला बारीक चिरून घालायचा. पाला ओला नको, फवारलेला तर नकोच. तंबाखू मळलेल्या हातानं त्याला शिवूही नये. हे मुलांपेक्षा मास्तरांना सांगितलेलं बरं!

आपला उन्हाळा या जीवांना मानवत नाही. पंचवीस अंशांच्या आसपास ते खूश असतात. म्हणून हा खटाटोप पावसाळा स्थिरावल्यावर किंवा थंडीत करावा.

पंचवीस-सव्वीस दिवसांत अळी चार वेळा कात टाकते. त्या वेळी ती खाणं सोडते आणि डोकं वर करून निश्चल बसते. मुलं घाबरतात, “सर, मेली!” म्हणतात. तेव्हा तिला हलवू न देता एक दिवस वाट पाहायला लावणं, हाच त्या दिवसाचा धडा. एखादी खरोखरच मरते. पिवळी पडून फुगलेली अळी लगेच बाजूला काढून पुरावी आणि हात धुवावेत. मुलांपासून ते लपवू नये. शेवटच्या अवस्थेत भूक इतकी वाढते की जन्मातलं ८० टक्क्यांहून जास्त खाणं याच आठवड्यात होतं. शेतकऱ्याच्या शेडमध्ये त्या वेळी उभं राहिलं, तर पत्र्यावर बारीक पाऊस पडावा तसा खाण्याचा आवाज येतो.

मग अळी पिवळसर, पारदर्शक होते आणि आडोसा शोधू लागते. शेतकरी तिला चंद्रिकेवर सोडतात. शाळेत अंड्यांचा कागदी ट्रे चालतो. इंग्रजी आठचा आकडा काढावा तसं डोकं फिरवत ती दोन-तीन दिवस स्वतःभोवती धागा गुंडाळते. एका कोषात सुमारे एक किलोमीटर धागा असतो. चारशे मीटरच्या धावपट्टीला अडीच फेऱ्या, असं सांगितलं की मुलांना तो कळतो.

खरी गोष्ट इथून पुढे आहे. पुस्तकातला बाण कोषाकडून पतंगाकडे जातो. साडीकडे जाणारा बाण पुस्तकात नसतो. पतंग बाहेर येताना लाळेनं कोष भिजवून भोक पाडतो आणि अखंड धागा तुटतो. म्हणून व्यवहारात पतंग निघायच्या आधीच कोषाला उष्णता देतात. आतला जीव मरतो. मग गरम पाण्यात डिंक सुटतो आणि धागा उकलतो. आपण ज्याला पाला घातला त्याचं हे असं होतं, हे कळल्यावर पोरं गप्प होतात. काही शिक्षक हा भाग टाळतात. मला ते पटत नाही. पण तो आयत्या वेळी अंगावरही टाकू नये. अंडी आणतानाच सांगावं.

कोणी विचारेल, न मारता रेशीम होत नाही का? होतं. हैदराबादच्या कुसुम राजय्या यांनी पतंग निघून गेलेल्या कोषांपासून सूत कातून ‘अहिंसा रेशीम’ तयार केलं. ते कातावं लागतं, म्हणून चकाकी कमी आणि किंमत जास्त. दुसऱ्या बाजूला, कोष विकून घर चालवणारा शेतकरी आहे. त्याच्या पोरासमोर त्याला दुष्ट ठरवू नये.

किती कोष ठेवायचे आणि किती उकलायचे, हे वर्गानंच ठरवावं. ठेवलेल्यांतून दहा-बारा दिवसांनी पांढरे, जाडसर पतंग निघतील. हजारो वर्षं माणसानं पाळल्यामुळे त्यांना उडता येत नाही. त्यांना काही खाताही येत नाही. जोडी जमली की मादीला कागदावर ठेवावं, ती तीन-चारशे पिवळी अंडी घालते. ती करडी झाली तर लगेच फुटायची नाहीत, काही जातींना मध्ये थंडीचा काळ लागतो. तेव्हा कागदावर तारीख घालून ठेवा आणि मुलांना तेवढं आधी सांगा.