चाळणी कुणाच्या हाती?

नोव्हेंबर १९७५मध्ये जॉन पोस्टेल यांनी आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावरच्या सहकाऱ्यांसाठी एक छोटंसं टिपण काढलं. रे टॉमलिन्सन यांनी जाळ्यावरून पहिली ईमेल धाडली, त्याला तेव्हा चारच वर्षं झाली होती. तरीही टिपणाचा विषय होता नको असलेलं टपाल. एखादं यंत्र बिघडलं किंवा नुसतंच त्रास देऊ लागलं, तर त्याचे संदेश नाकारण्याची सोय समोरच्या यंत्राला हवी, आणि ती नाही, एवढंच पोस्टेल यांचं म्हणणं होतं. पुढच्या पन्नास वर्षांत साधनं किती बदलली! प्रश्न मात्र तोच राहिला: आलेल्या मेलमधलं आधी काय दिसावं, हे ठरवणार कोण? माझ्या मते तो अधिकार वाचणाऱ्याचाच आहे, आणि आपण तो हळूहळू हातचा घालवत आलो आहोत.

अगदी सुरुवातीला आलेलं सगळं टपाल एकाखाली एक सलग वाचावं लागे. १९७२मध्ये लॅरी रॉबर्ट्स यांनी ‘आरडी’ हा प्रोग्रॅम लिहिला आणि मेलची यादी पाहणं, हवी ती उघडणं, बाजूला ठेवणं शक्य झालं. दहा वर्षांनी, १९८२मध्ये, संगणकतज्ज्ञांच्या ‘एसीएम’ या संघटनेचे अध्यक्ष पीटर डेनिंग यांनी मुखपत्रात इलेक्ट्रॉनिक कचऱ्याबद्दल लिहिलं. मेल तयार करण्याची साधनं भरपूर झाली, आता मेल गाळून घेण्याचं बघा, असा त्यांचा आग्रह होता.

तो मनावर घेतला एमआयटीतल्या थॉमस मलोन यांच्या गटाने. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर त्यांनी ‘इन्फर्मेशन लेन्स’ ही प्रणाली उभी केली. बैठकीची सूचना, कामाची विनंती अशा प्रकारांप्रमाणे मेलमध्ये रकाने असत आणि त्या रकान्यांवरच नियम बसवता येत: मुदत आजउद्याची असेल तर ‘तातडीचं’मध्ये टाक, अमक्याकडून आली तर वर ठेव. हे नियम प्रोग्रॅमरने लिहायचे नव्हते, ज्याचं टपाल त्यानेच फॉर्म भरावा तसे भरायचे होते. शिवाय नियम फक्त नको ते काढून टाकत नसत. थेट आपल्या नावाने न आलेली पण आपल्या कामाची मेलही ते ओढून आणत. गाळणं आणि शोधून आणणं ही एकाच कामाची दोन अंगं आहेत, हे त्या गटाला तेव्हाच कळलं होतं. नंतरच्या बहुतेक कंपन्यांनी गाळण्याचं अंग तेवढं उचललं.

१९९०मध्ये स्टीफन व्हॅन डेन बर्ग यांचं ‘प्रॉकमेल’ हे मेल गाळण्याचं साधन आलं आणि युनिक्सवर काम करणाऱ्यांची एक अख्खी पिढी त्यावर वाढली. त्यातला नियम दोनतीन ओळींचा. पहिल्या ओळीत अपूर्णविराम आणि शून्य. पुढच्या ओळीला तारांकन लावून अट लिहायची. शेवटच्या ओळीत मेल कुठे ठेवायची त्या फाइलचं नाव. पहिल्या ओळीत शून्यानंतर आणखी एक अपूर्णविराम दिला, की त्या फाइलला तात्पुरतं कुलूप लागे. एकाच क्षणी दोन मेल आल्या, तर त्या एकमेकींत मिसळून दोन्ही नासू नयेत, म्हणून ही काळजी. भाषा रुक्ष होती, पण मेल अमुक जागी का गेली याचं उत्तर त्या दोनतीन ओळींत मिळे. उघडा, वाचा, पटलं नाही तर बदला.

मराठीत लिहिणाऱ्यांना मात्र हे साधन अर्धंच उपयोगी पडलं, आणि त्याचं कारण फारसं कुणी सांगत नाही. ईमेलचा मथळा मुळात इंग्रजी अक्षरांपुरताच आखलेला. १९९२च्या ‘माइम’ मानकाने इतर लिप्यांना वाट करून दिली, ती अशी, की विषयाच्या जागी ‘सभा’ लिहिलं तर प्रवासात त्याची इंग्रजी अक्षरं-आकड्यांची सांकेतिक माळ होते. प्रॉकमेल बघतं ती माळ. ‘सभा’ अशी अट घालावी, तर ती जुळतच नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी तर आणखी पंचाईत होती. शिवाजी, श्रीलिपी अशा फाँटांमध्ये प्रत्येकाची अक्षरजुळणी निराळी. त्यामुळे एकाच ‘सभा’ शब्दाची संगणकाच्या लेखी दोन वेगळी आणि दोन्ही निरर्थक रूपं होत. पडद्यावर मराठी दिसे, आत मराठी नसेच. अशा वेळी शब्दांवर नियम लावण्यात अर्थ नव्हता. पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर लावायचा, एवढाच मार्ग उरे.

ही गाठ सोडवली ‘सीव्ह’ या नियम लिहिण्याच्या भाषेने. टिम शोवॉल्टर यांनी लिहिलेलं तिचं मानक जानेवारी २००१मध्ये आलं. सांकेतिक मथळा आधी उलगडून युनिकोडमध्ये आणायचा आणि मगच अट ताडून पाहायची, असं त्यात सांगितलेलं आहे. आणखी दोन गोष्टींसाठी मला ही भाषा फार मोलाची वाटते. तिच्यात पुन्हा पुन्हा फिरणारी आज्ञा मुद्दाम ठेवलेली नाही, म्हणजे कुणाच्या चुकीच्या नियमाने सर्व्हर अडकून पडत नाही. आणि कोणताच नियम लागू झाला नाही तर मेल इनबॉक्समध्ये राहते. शंका आली तर ठेवून द्या, हे वळण तिच्या मुळातच आहे.

दरम्यान सामान्य वापरणाऱ्यांकडे नियम पोहोचले ते युडोरा आणि आउटलुक या मेलच्या प्रोग्रॅममधून. युडोराची छाननी मेल आपल्या संगणकावर उतरल्यावर होई. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं, तेव्हा डायल-अपवर नको असलेली मेलही आधी पैसे मोजून उतरवून घ्यावी लागे. कार्यालयांतल्या आउटलुकची अडचण वेगळी होती. २००३च्या एक्स्चेंज सर्व्हरपर्यंत एका माणसाच्या सगळ्या नियमांना मिळून ३२ किलोबाइट जागा असे. वीसपंचवीस लांबलचक नियम केले की ती भरून जाई.

मला स्वतःला या सगळ्या प्रवासातला सर्वांत शहाणा टप्पा वाटतो तो नियमांनंतरचा, म्हणजे दृश्यांचा. नियम मेल हलवतो. दृश्य ती जागेवरच ठेवून फक्त वेगळ्या तऱ्हेने दाखवतं: या आठवड्यातल्या न वाचलेल्या, जोडपत्र असलेल्या, अमुक प्रकल्पाच्या. २००३मध्ये ऑपेराच्या मेलने फोल्डरऐवजी अशीच दृश्यं दिली, आउटलुक २००३मध्ये शोध-फोल्डर आले, २००५मध्ये ॲपलच्या ‘टायगर’मध्ये स्मार्ट मेलबॉक्स आले. १ एप्रिल २००४ला सुरू झालेल्या जीमेलने लेबलं आणली, तेव्हा एकच मेल ‘सोसायटी’ आणि ‘पावत्या’ अशा दोन्ही ठिकाणी दिसू लागली. चुकीचं दृश्य केलं तर काही हरवत नाही. चुकीचा नियम केला तर महत्त्वाची मेल महिनोन् महिने कुठल्याशा फोल्डरमध्ये न वाचलेली पडून राहते. २०११मध्ये स्टीव्ह व्हिटेकर आणि आयबीएममधल्या संशोधकांनी ३४५ जणांचं जुन्या मेल धुंडाळणं तपासलं. फोल्डर लावण्यात वेळ घालवणाऱ्यांना मेल अधिक हमखास सापडत नव्हती, हा त्यांचा निष्कर्ष मला अगदी पटतो.

दृश्यं येत होती त्याच सुमाराला मात्र वारं फिरलं. स्पॅमच्या बाबतीत हातचे नियम कमी पडत होते. २००२मध्ये पॉल ग्रॅहम यांनी शब्दांच्या संभाव्यतेवरून स्पॅम ओळखण्याची रीत लोकप्रिय केली. तिथे यंत्र जिंकलं आणि ते योग्यच झालं. पण २०१०मध्ये जीमेलचा ‘प्रायॉरिटी इनबॉक्स’ आला, २०१३मध्ये ‘प्रमोशन्स’सारखे टॅब आले, आणि आपल्याला काय महत्त्वाचं हेही यंत्रच ठरवू लागलं. सोय मोठी आहे, नाकारत नाही. तरी बँकेचं पत्र ‘प्रमोशन्स’मध्ये का पडलं, याचं उत्तर आज वाचणाऱ्याला मिळत नाही. प्रॉकमेलच्या दोन ओळींत ते मिळत होतं. या देवघेवीत आपण गमावलं ते अधिक मोलाचं, असं माझं ठाम मत आहे.

नियम विसरण्याची किंमत आता पैशातही मोजावी लागते. कुणाच्या खात्यात शिरकाव झाला, की चोरटे पुष्कळदा तिथे गुपचूप एक नियम करून ठेवतात: ‘बिल’ किंवा ‘पेमेंट’ शब्द असलेली मेल बाहेरच्या पत्त्यावर पाठव, किंवा कुणी कधी उघडत नाही अशा आरएसएसच्या फोल्डरमध्ये टाक. पासवर्ड बदलला तरी तो नियम तसाच चालू राहतो. म्हणून विनंती आहे: आजच आपल्या मेलच्या सेटिंगमध्ये जाऊन फिल्टर आणि फॉरवर्डिंग ही दोन्ही पानं उघडा. प्रत्येक नियम वाचा. जो आपण केल्याचं आठवत नाही, तो काढून टाका आणि लगेच पासवर्डही बदला.