जुन्या घराचं लाकूड, नव्या घराचा जिना



सुगी उरकली की गावात बांधकामाचे दिवस सुरू होतात. कुणाचं घरकुल मंजूर झालेलं असतं, कुणी पोराच्या लग्नाआधी स्लॅबचं घर घालायचं ठरवलेलं असतं. मग जुनं घर पाडायला काढतात. पाडकामाची बातमी लागली की लाकूड घेणारा व्यापारी टेम्पो घेऊन दारात हजर होतो. घरावरून एक नजर फिरवतो आणि म्हणतो, "सगळं उक्तं देऊन टाका, पाडायची मजुरीपण वाचेल तुमची." ओसरीवर बसून पुरुषमाणसं आकडा ठरवतात. संध्याकाळपर्यंत आढं, तुळया, कड्या, खांब, चौकटी सगळं टेम्पोत जातं.

पुढं नव्या घराला जिना करायची वेळ येते. पैसे संपत आलेले असतात. गवंडी उरलेल्या जागेत जिना कसाबसा कोंबतो. पायऱ्या उभ्या, अरुंद, एक उंच तर एक ठेंगणी. त्या जिन्यावरून धान्याचं पोतं, पापड-कुरडयांची वाळवणं, गोधड्यांची गाठोडी घेऊन दिवसातून दहा वेळा कोण चढतं? आपणच.

म्हणून आज मला दोन मापांबद्दल बोलायचं आहे. एक विकायच्या लाकडाचं आणि दुसरं चढायच्या जिन्याचं. ही दोन्ही मापं आपल्याला घेता आली पाहिजेत. त्याला मोठं शिक्षण लागत नाही. शिवणकामाचा टेप, एक दोरी आणि वही एवढं पुरतं.

जुन्या लाकडाची किंमत कशात आहे?

आपल्याकडं पूर्वी घर खणांत मोजायचे. पाच खणांचं घर, सात खणांचं घर. त्या खणांना लागणारं लाकूड बऱ्याच ठिकाणी सागवान असायचं. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असतं. म्हणून वाळवी त्याला सहसा लागत नाही आणि ओलीनं ते लवकर कुजत नाही. शिवाय पन्नास-साठ वर्षं घरात राहिलेलं लाकूड पूर्ण वाळलेलं असतं. नवं ओलसर लाकूड आणून दार केलं तर पहिल्या उन्हाळ्यात ते तडकतं, पावसाळ्यात फुगतं. जुन्या लाकडाची ती खोड बऱ्याच अंशी गेलेली असते.

पण जुनं आहे म्हणून सगळंच चांगलं, असंही नाही. पारख करताना चार गोष्टी बघा.

पहिली, वाजवून बघा. बोटाच्या पेरानं किंवा छोट्या हातोडीनं ठोकलं की भरीव लाकूड खणखणीत वाजतं. आतून पोखरलेलं असेल तर बद्द आवाज येतो.

दुसरी, टोचून बघा. स्क्रू ड्रायव्हर किंवा आरी जोर लावून दाबा. टोक सहज आत गेलं तर तेवढा भाग कुजलेला आहे. तुळईची दोन्ही टोकं जिथं भिंतीत गेलेली असतात, तिथं हे हमखास बघा. ओल तिथूनच शिरते.

तिसरी, कीड बघा. वाळवी मातीच्या नळ्या करून चढते. भुंग्याची भोकं बारीक असतात आणि त्यांखाली पिठासारखा भुसा पडतो. भुसा ताजा असेल तर कीड अजून जिवंत आहे. असं लाकूड नव्या घरात आणू नका.

चौथी, रंग बघा. सागाचा गाभा तपकिरी-सोनेरी असतो आणि सालीलगतचा भाग फिकट, पांढरट. कीड आधी त्या पांढऱ्या भागाला लागते. तो तासून काढला की बहुतेक वेळा आतलं लाकूड शाबूत मिळतं.

घनफूट कसं काढायचं?

वखारीत लाकूड घनफुटावर विकलं जातं. मग आपण ते उक्तं का विकायचं? हिशेब सोपा आहे. लांबी फुटांत घ्या, रुंदी आणि जाडी इंचांत घ्या. तिन्हींचा गुणाकार करा आणि १४४ नं भागा.

समजा, तुळई १० फूट लांब, ६ इंच रुंद आणि ६ इंच जाड आहे. दहा गुणिले सहा गुणिले सहा म्हणजे ३६०. भागिले १४४. उत्तर आलं अडीच घनफूट.

वासा किंवा खांब गोल असेल तर दोरीनं त्याचा घेर घ्या. घेराचा चौथा भाग हीच रुंदी आणि हीच जाडी धरतात. घेर २४ इंच असेल तर ६ बाय ६ इंच धरायचं आणि वरचाच हिशेब करायचा.

एकेका नगावर खडूनं नंबर घाला आणि वहीत त्याचं माप लिहा. मग निदान तीन वखारींत भाव विचारा. त्यानंतर टेम्पोवाला आला तर आकडा आधी त्याला सांगू द्या. तुमच्या हातात वही आहे एवढं त्याला दिसलं, तरी बोलणं वेगळ्या सुरात होतं. सागवान दुसऱ्या गावी न्यायचं असेल तर गाडी भरण्याआधी वन खात्याच्या जवळच्या कार्यालयात परवान्याची चौकशी करा. ग्रामपंचायतीकडून जुनं घर पाडल्याचा दाखलाही घेऊन ठेवा.

आता जिन्याचं माप

पायरीला दोन मापं असतात. एक चढ, म्हणजे एका पायरीची उंची. दुसरं पाऊल ठेवायची रुंदी. राष्ट्रीय इमारत संहितेत घरातल्या जिन्यासाठी चढ जास्तीत जास्त १९ सेंटिमीटर आणि रुंदी कमीत कमी २५ सेंटिमीटर सांगितली आहे. म्हणजे साडेसात इंच चढ आणि दहा इंच रुंदी. सुताराचा आणखी एक आडाखा आहे. चढाची दुप्पट अधिक रुंदी, यांची बेरीज २४ ते २५ इंचांच्या आसपास आली की जिना पायाला सोपा जातो.

उदाहरण घेऊ. खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत ९ फूट आहेत, म्हणजे १०८ इंच. त्याचे १५ चढ केले तर एक चढ ७.२ इंचांचा होतो. रुंदी १० इंच ठेवली तर बेरीज २४.४ येते. हे माप चांगलं.

हा जिना सरळ नेला तर जवळपास १२ फूट जागा खातो. लहान घरात तेवढी नसते. मग तो कोपऱ्यात वळवायचा. आठ चढ चढून ३ फूट बाय ३ फुटांची विसाव्याची जागा करायची, आणि तिथून वळून सात चढ. असा जिना एका भिंतीला साधारण ९ फूट आणि दुसरीला ८ फुटांत बसतो. मधल्या जागेवर डोक्यावरचं ओझं टेकवता येतं, म्हाताऱ्या माणसाला दम खाता येतो. आणि कुणाचा तोल गेलाच तर तो वरून थेट खालपर्यंत घरंगळत येत नाही.

सगळे चढ सारखे असणं फार महत्त्वाचं. दोन-तीन पायऱ्या चढल्या की पायाला ताल कळतो, आपण खाली बघत नाही. मध्येच एक पायरी अर्ध्या इंचानं चुकली तरी ठेच लागते. ही चूक बहुतेक पहिल्या किंवा शेवटच्या पायरीला होते. जिना आधी होतो, फरशी मागून बसते, आणि फरशीची जाडी कुणी धरलेलीच नसते. म्हणून गवंड्याला काम सुरू करण्याआधी विचारा, "दादा, फरशीची जाडी धरली का?"

कठडा तीन फूट उंच ठेवा. त्याच्या दोन गजांमध्ये चार इंचांपेक्षा जास्त फट नको, म्हणजे रांगतं मूल त्यात डोकं घालणार नाही. पायरीपासून वरच्या स्लॅबपर्यंत किमान सव्वासात फूट मोकळे हवेत, आणि डोक्यावर पाटी घेऊन जायचं असेल तर त्याहून जास्त. दिव्याचं बटण खाली आणि वर दोन्हीकडं घ्या. अंधारात वरून उतरताना त्याचा उपयोग कळतो.

वेगळे जिने: दिसायला आणि वापरायला

जुन्या वाड्यांत जाड भिंतीच्या पोटातून जिना काढलेला दिसतो. अंधारा, उभा, एका वेळी एकच माणूस जाईल असा, आणि कुठं कुठं वर झडप. तो परक्याला अडवण्यासाठी तसा केलेला असे. आपल्याला घरच्यांना सुखानं चढवायचं आहे, म्हणून त्याची नक्कल नको.

लोखंडी चक्री जिना जागा कमी घेतो, पण आतल्या बाजूला पायरी निमुळती होत जाते. ओझं घेऊन किंवा मूल कडेवर घेऊन तो चढणं धोक्याचं. एकाआड एक अर्ध्या पायऱ्यांचा जिनाही असतो. त्यात कुठला पाय आधी टाकायचा हे ठरलेलं असतं. क्वचित लागणाऱ्या माळ्याला तो ठीक, पण गरोदर बाईला आणि म्हाताऱ्या माणसाला नाही.

कप्प्यांचा जिना मात्र आपल्या कामाचा. पायऱ्यांखालच्या पोकळीत खण आणि कपाटं काढायची. घरकुलाचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. तेवढ्या घरात डाळी-कडधान्यांचे डबे, शाळेची दप्तरं, गटाच्या वह्या ठेवायला ही जागा मोलाची ठरते. फक्त जिन्याखाली गॅसची टाकी, चूल किंवा रॉकेल ठेवू नका. आग लागली तर वरच्या माणसांची उतरायची वाट तीच असते.

लाकूड आणि जिना यांची गाठ

आता मघाच्या तुळया आठवा. १० फूट लांब, ६ बाय ६ इंचांची एक तुळई सॉ मिलमध्ये चिरली तर दीड इंच जाडीच्या तीन फळ्या मिळतात. एका फळीचे तीन-तीन फुटांचे तीन तुकडे होतात, म्हणजे एका तुळईचे नऊ. दोन तुकडे जोडले की तासून दहा इंच रुंद पायरी तयार होते. आपल्या वळणाच्या जिन्याला विसाव्याची जागा सोडून १३ पायऱ्या लागतात, म्हणजे २६ तुकडे. तीन तुळयांत २७ तुकडे निघतात. विसाव्याच्या जागेला कडीपाटाच्या जाड फळ्या चालतात. बाजूचा सांगाडा लोखंडी अँगलचा करून त्यावर या पायऱ्या बोल्टनं बसवल्या की काम स्वस्तात आणि मजबूत होतं. म्हणजे साडेसात घनफूट लाकूड राखून ठेवलं, तर आजेसासूबाईंच्या घराच्या तुळयांवरून नातवंडं चढतील.

काही काळजी घ्यावी लागते. चिरायला नेण्याआधी एकूण एक खिळा काढा. लोहचुंबक फिरवलं की लपलेले खिळेही सापडतात. खिळा राहिला तर करवतीचं पातं तुटून माणूस जखमी होऊ शकतो. गंजका खिळा पायात घुसला तर धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी लगेच दवाखान्यात जा.

जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका. पूर्वीच्या रंगांत शिसं असायचं. घरगुती रंगांतल्या शिशावर कडक मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगाची धूळ पोटात गेली तर मुलांच्या मेंदूला अपाय होतो. लाकूड ओलं करून घासा, नाकातोंडाला मास्क लावा, आणि मुलं व गरोदर बायकांना लांब ठेवा. रंगवलेल्या किंवा कीडनाशक मारलेल्या लाकडाचे पोळपाट करू नका.

पायरीवर गुळगुळीत चकचकीत पॉलिश नको, पाय घसरतो. जवसाचं तेल चोळलं तरी लाकूड छान दिसतं. पण तेलाचे बोळे गोळा करून ठेवू नका. ते आपोआप तापून पेट घेतात. उन्हात पसरून वाळवा, मग टाका. पायरीच्या कडेला खिळ्याचं डोकं वर आलेलं नको, कारण साडीचा काठ तिथंच अडकतो. आणि जिन्याचा पाया जमिनीत पुरू नका. जुन्या घरात खांबाखाली दगडी तळखडा असायचा, तो ओल वर चढू नये म्हणूनच. जुन्या घराचा तळखडाच नव्या जिन्याखाली घाला.

गटात काय करता येईल?

येत्या बैठकीत एक साधं काम करा. गटातल्या कुणाकुणाचं जुनं घर यंदा पाडायचं आहे, त्यांची नावं काढा. पाडायच्या आधी दोघी-तिघींनी टेप आणि वही घेऊन त्या घरी जा, नगांची यादी करा, घनफूट काढा. मग काय राखायचं आणि काय विकायचं ते घरात बसून ठरवा. घरकुल बाईच्या नावे किंवा नवरा-बायको दोघांच्या नावे देण्याची तरतूद योजनेत आहे. घर जर आपल्याही नावावर असतं, तर त्याच्या लाकडाचा सौदा आणि जिन्याचा नकाशा आपल्याला विचारून व्हायला हवा.

गवंडी येईल तेव्हा ओंजळभर धान्याऐवजी भरलेली पाटी डोक्यावर घ्या आणि त्याला दाखवा, आपलं पाऊल किती उचलतं, किती जागा मागतं. खडूनं जमिनीवर पायरी आखून घ्या, त्यावर उभं राहून बघा. सासूबाईंनाही उभं करा. त्यांच्या गुडघ्याला जो चढ झेपतो, तोच घराचा चढ.

भेटू पुढच्या वेळी. तोवर टेप हाताशी ठेवा. नमस्कार.