घोड्याच्या पाठीवरचं मेकॅनिक्स

शिकार म्हटलं की आधी बंदूकच आठवते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार जवळजवळ बंदच झाली, आणि ते बरंच झालं असं माझं मत आहे. पण कॅनडात, ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या उत्तरेला, लोक आजही परवाना काढून शिकारीला जातात, तेही घोड्यांवर सामान लादून. त्याबद्दल वाचताना मला बंदुकीपेक्षा घोड्यावरचं ओझं जास्त इंटरेस्टिंग वाटलं. आपलं फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स तिथे रोज सकाळी वापरतात!

जागेचं नाव मस्क्वा-केचिका. रॉकी पर्वताच्या उत्तर भागातलं हे राखीव क्षेत्र १९९८ मध्ये कायद्याने ठरवलं गेलं. आज ते सुमारे ६४ लाख हेक्टर आहे, म्हणजे महाराष्ट्राचा साधारण पाचवा हिस्सा. अलास्का हायवे सोडला की रस्ते जवळपास नाहीतच आणि गाड्यांना ठराविक वाटांवरच परवानगी. म्हणून घोडा.

आता गणित बघा. घोड्याचं वजन समजा ५०० किलो. त्याच्यावर एकूण भार वजनाच्या २० टक्क्यांपर्यंतच असावा असं मानतात, म्हणजे १०० किलो. पण स्वार चढावर पुढे झुकून तोल सावरतो, पेटी सावरत नाही. त्यामुळे सामान ६५-७० किलोच लादतात. पालाणावर लाकडाच्या दोन फुल्या असतात, त्यांना दोन्ही बाजूंनी एकेक पेटी अडकवायची. त्याआधी दोन्ही पेट्या ताणकाट्यावर तोलतात. एकीत ३० आणि दुसरीत ३५ किलो असले तर? पेटी कण्यापासून ४० सेंटीमीटर धरली तर सुमारे २० न्यूटन-मीटरचा मोमेंट. ऐकायला किरकोळ, पण तो दिवसभर पालाण एका बाजूला ओढत राहतो. कातडं घासून जखम झाली की तो घोडा कामातून गेला, आणि तिथे दुसरा आणणार कुठून?

वरून ताडपत्री टाकून दोर असा आवळतात की माथ्यावर समभुज चौकोनासारखा आकार उमटतो. एक कोपरा ओढला की ताण सगळीकडे फिरतो आणि ओझं आत दाबलं जातं. पहिल्या अर्ध्या तासानंतर थांबून तंग पुन्हा आवळावा लागतो, कारण आवळताना पोट फुगवून धरणारे लबाड घोडे असतात. (व्हायव्हाला आपण करतो तसंच!) रात्री पायबंद घालून गळ्यात घंटा बांधतात आणि चरायला सोडतात. सकाळी त्या आवाजावरून शोधत फिरायचं.

खरी परीक्षा परतीला. मूस म्हणजे हरणाच्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी. मोठ्या नराचं नुसतं मांसच २०० किलोच्या वर भरतं. ते जंगलात टाकून फक्त शिंगं नेणं तिथे गुन्हा आहे, आणि हा नियम मला फार पटला. म्हणजे एका मूसला निदान तीन घोडे. तेवढे मोकळे नसले तर शिकारी खाली उतरतो, आपल्या बसायच्या घोड्यावर मांस चढवतो आणि लगाम धरून पायी निघतो. शिंगं सगळ्यात शेवटी, टोकं घोड्याला लागणार नाहीत अशी वर बांधतात.