उत्तम स्टिरिओवर काय ऐकावे?

घरात चांगला, भारी किमतीचा स्टिरिओ संच आला की त्यावर काय ऐकावे, असा प्रश्न पडतो. दुकानात बहुधा धडधडणारे संगीत लावून दाखवतात. त्यावरून संच किती मोठा आवाज करू शकतो एवढे कळते. तो किती खरा आवाज देतो, हे कळत नाही. संच स्वतःचे काही निर्माण करीत नाही. मुद्रणात जे आहे तेच तो आपल्यापर्यंत पोहोचवतो, मुद्रणातले दोषसुद्धा! म्हणून संचाबरोबर मुद्रणाची आणि ऐकण्याच्या खोलीचीही पारख हवी. खालील चार मुद्रणे त्यासाठी सुचवीत आहोत. प्रत्येकातून ध्वनिशास्त्रातली एकेक गोष्ट स्पष्ट होते.

सुरुवात नाशिकमध्ये १९२१ साली जन्मलेल्या द. वि. पलुस्करांपासून करू. त्यांचे निधन १९५५ साली झाले आणि स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या १९५७-५८ च्या सुमारास. त्यामुळे त्यांचे गाणे एकाच वाहिनीत मुद्रित झालेले, म्हणजे ‘मोनो’ आहे. मग महागड्या स्टिरिओवर ते का ऐकायचे? कारण दोन्ही स्पीकर बरोबर मांडले आहेत का, हे तपासायला मोनो मुद्रणासारखे साधन नाही. दोन्ही स्पीकरमधून अगदी सारखाच ध्वनी येत असेल आणि आपण दोहोंपासून सारख्या अंतरावर बसलो असू, तर गायक दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये बसून गातो आहे असे वाटले पाहिजे. आता एक स्पीकर २० सेंटिमीटर मागे सरकवा. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४४ मीटर धरला तर त्या स्पीकरचा आवाज ०.६ मिलिसेकंद उशिरा पोहोचेल. एवढ्याशा फरकानेही गायक जवळच्या स्पीकरकडे सरकतो. आपले दोन कान एरवीही अशाच सूक्ष्म कालभेदावरून आवाजाची दिशा ओळखतात.

आवाज मध्यभागी न येता खोलीभर पसरल्यासारखा वाटला आणि खर्ज पोकळ लागला, तर एका स्पीकरच्या तारा उलट जोडलेल्या असण्याची शक्यता असते. एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो आणि दोघांचे तरंग एकमेकांना मारतात. संच बंद करून तारा बदला आणि फरक ऐका. व्यतिकरणाचा हा प्रयोग वर्गातही सहज करता येतो.

दुसरे मुद्रण ‘कॉल ऑफ द व्हॅली’, १९६७ सालचे. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार आणि माणिकराव पोपटकरांचा तबला. मराठी भावगीतांचे गायक म्हणून परिचित असलेल्या जी. एन. जोशींनी एचएमव्हीसाठी ते तयार केले. डोळे मिटून ऐका आणि प्रत्येक वाद्य कोठून येते ते कागदावर मांडा. विद्यार्थ्यांना आपापला नकाशा स्वतंत्रपणे काढायला सांगा. सर्वांचे नकाशे बव्हंशी जुळले, तर मुद्रण, संच आणि मांडणी तिन्ही ठीक आहेत असे समजावे.

तिसरे, किशोरी आमोणकरांचा भूप. येथे क्षणभर गाण्याकडे दुर्लक्ष करून तानपुऱ्याकडे लक्ष द्या. तानपुऱ्याची तार रुंद, किंचित गोलसर घोडीवर टेकते आणि जवारीच्या दोऱ्यामुळे तिच्यात असंख्य उपस्वर जागे होतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. खर्जाच्या तारेतून येणारा स्वयंभू गंधार, म्हणजे मूळ कंप्रतेच्या पाचपट कंप्रतेचा स्वर, साध्या संचावरही ऐकू येतो. पण जवारीची झळाळी काही हजार हर्ट्झपर्यंत पोहोचते. ती कर्कश न होता ऐकू आली, तर संच वरच्या पट्टीतही खरा आहे. जुन्या मुद्रणातली खरखर काढून टाकण्याच्या भरात अनेकदा हीच झळाळी कापली जाते. त्यामुळे ‘खरखरमुक्त’ आवृत्ती चांगली असेलच असे नाही.

चौथे, विश्वमोहन भट आणि राय कूडर यांचे ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’. हे १९९२ साली अमेरिकेतल्या सांता बार्बरा येथील एका प्रार्थनागृहात मुद्रित झाले. प्रत्येक वाद्यापुढे वेगळा मायक्रोफोन ठेवण्याऐवजी एकाच जागी काटकोनात ठेवलेल्या दोन मायक्रोफोनांनी सारे टिपले. ही पद्धत अॅलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ च्या पेटंटात मांडली होती. त्यामुळे वाद्यांबरोबर त्या वास्तूतला घुमाराही मुद्रणात आला आहे.

तो घुमारा ऐकायला आपली खोली मात्र शांत हवी. अंबडसारख्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या घरात यंत्रांची आणि वाहनांची घरघर दिवसा ४५-५० डेसिबलपर्यंत सहज जाते. तेवढ्यापेक्षा हळू असलेले सारे तिच्यात बुडते. आवाज वाढवणे हा उपाय नव्हे. त्याने कानांना इजा होते. रात्री, खिडक्या लावून, मध्यम आवाजात ऐकावे.

खोलीचा आकारही बोलतो. १२ फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये सुमारे ४७ हर्ट्झचा स्थिर तरंग तयार होतो. या कंप्रतेच्या आसपासचा खर्ज भिंतीजवळ घुमतो आणि खोलीच्या मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. तबल्याच्या डग्ग्याचा ठेका लावून खोलीभर फिरा आणि कोठे काय बदलते ते नोंदवा. जाड पडदा, सतरंजी आणि पुस्तकांचे कपाट यांनी वरच्या पट्टीतला गोंगाट कमी होतो. खर्जासाठी मात्र बसण्याची जागाच बदलावी लागते.

शेवटी एक गोष्ट विसरू नये. आपल्याकडचे कितीतरी थोर गायन ७८ फेऱ्यांच्या, जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांवर आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्यांत वरची पट्टी नाही आणि तानपुराही अंधुक आहे. पण गळ्यातील स्वरांची मूळ कंप्रता आणि स्वरवर्ण ओळखू येण्यासाठी लागणारे बहुतेक उपस्वर ३-४ हजार हर्ट्झच्या आत असतात, आणि तेवढे त्या तबकड्यांनी जपले. म्हणून ऐंशी-नव्वद वर्षांनंतरही तो सूर अचूक पोहोचतो. संच कितीही महाग असो, तो लावून ही मुद्रणे बाजूला टाकणे तोट्याचे ठरेल. वर्गात ऐकण्याचा एखादा तास ठेवता आला, तर आधी अशी एक जुनी तबकडी ऐकवावी, मग ‘कॉल ऑफ द व्हॅली’. पहिलीत काय हरवले आणि काय टिकले, याची यादी विद्यार्थ्यांनाच करू द्यावी.