किनाऱ्यालगतची मासेमारी व स्थानिक संस्थांचे अधिकार

पाटाच्या पाण्यावर बागाईत करणाऱ्यांस पाळीचें महत्त्व निराळें सांगावयास नको. खानदेश व नाशिककडील फड पद्धतींत पाळी कोणाची हें बागाईतदारांचे पंच ठरवीत आणि पाटकरी ती अमलांत आणी. पंचांस अधिकार नसता, अथवा पाटकऱ्यास मेहनताना मिळाला नसता, तर शेवटचीं शेतें कोरडीं राहिलीं असतीं. किनाऱ्यालगतच्या मासेमारीची गोष्ट हीच आहे. भेद इतकाच कीं, समुद्राला बांध नसतो.

किनाऱ्याजवळचें उथळ पाणी व खाड्यांचीं मुखें हीं पुष्कळ जातींच्या माशांचीं वाढीचीं ठिकाणें होत. तेथें बारीक आसाच्या जाळ्यानें पिल्लें धरणें म्हणजे पुढील हंगामाचें बियाणेंच खाणें होय. परंतु एकट्यानेंच हात आवरला, तर त्यानें सोडलेले मासे दुसरा धरून नेतो. म्हणून सर्वांस बंधनकारक असा नियम अवश्य आहे. तो कोणी करावा, हा खरा प्रश्न. किनारा कोठें खडकाळ, कोठें वाळूचा, तर कोठें चिखलाचा. राजधानींत बसून केलेला एकच नियम सर्वत्र सारखा लागू पडत नाहीं.

इंग्लंड व वेल्समध्यें ह्या कामीं १८८८ सालीं कायदा झाला. स्थानिक परिषदांच्या अर्जावरून किनाऱ्याचे विभाग पाडून प्रत्येकावर समिती नेमण्याची तजवीज त्यांत होती. समितींत परिषदांच्या सभासदांबरोबर मासेमारीच्या धंद्याचे प्रतिनिधीही घेत. तिनें केलेल्या पोटनियमांस मध्यवर्ती सरकारची मंजुरी लागे, व ते अमलांत आणण्यासाठीं अधिकारी नेमतां येत. पुढें २००९ च्या कायद्यान्वयें इंग्लंडांत ह्या समित्यांची जागा १० प्राधिकरणांनीं घेतली. तीं एप्रिल २०११ पासून काम पाहूं लागलीं. त्यांची हद्द किनाऱ्यापासून ६ सागरी मैल आहे. जाळ्याचा प्रकार, हंगाम व परवाने ह्यांविषयीं तीं नियम करतात आणि एखादें क्षेत्र मासेमारीस बंदही करतात. अकल्पित संकटांत पूर्वमंजुरीवांचून पोटनियम करण्याची मुभा आहे, पण तो १२ महिन्यांहून अधिक काळासाठीं करतां येत नाहीं.

ससेक्सचें उदाहरण बोलकें आहे. तेथील केल्प नामक समुद्रवनस्पतींचीं दाट वनें माशांच्या पिल्लांस आसरा देत. १९८७ च्या वादळांत त्यांची फार हानि झाली. आणि तळ खरवडणाऱ्या ट्रॉल जाळ्यांनीं तीं पुन्हां वाढूं दिलीं नाहींत. अखेर तेथील प्राधिकरणाच्या पोटनियमानें सुमारें ३०० चौरस किलोमीटर क्षेत्र ट्रॉल जाळ्यांस बारमास बंद झालें. त्यास मार्च २०२१ मध्यें मंजुरी मिळाली. स्कॉटलंडांतील प्रादेशिक मंडळांस मात्र असा कायदेशीर अधिकार नाहीं. तीं सल्ला देतात, नियम करीत नाहींत.

आपल्याकडे प्रादेशिक समुद्रांतील मासेमारी हा राज्यांचा विषय आहे. महाराष्ट्राचा कायदा १९८१ चा. त्यान्वयें नियमन करण्याचा अधिकार राज्य सरकारचा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनें खटल्यांचा निवाडा तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे गेला. हें योग्यच झालें. परंतु त्यानें नियम करण्याची सत्ता किनाऱ्यावर आली नाहीं. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीनें जोडलेल्या अकराव्या परिशिष्टांत मत्स्यव्यवसाय हा पंचायतींकडे सोंपवितां येण्याजोगा विषय म्हणून नमूद आहे. तो सोंपविणें न सोंपविणें मात्र राज्यांच्या हातीं ठेविलें आहे.

आमच्या मतें हा अधिकार किनाऱ्यावरील संस्थांस द्यावयाचा, तर तो अर्धवट देऊं नये. नियम करण्याची सत्ता, पहाऱ्यासाठीं नाव व माणसें, आणि नेमका पैसा, हीं तिन्ही एकत्र हवींत. समितींत छोट्या होडीवाल्यांस जागा हवी. नाहींतर मोठ्या नौकांचे मालक आपल्याच सोयीचे नियम करतील. त्यावर वरिष्ठ सरकारची मंजुरी राहिली, तर अन्यायास आळा बसेल. नुसतें जबाबदारीचें ओझें देऊन साधन न दिलें, तर पाटकऱ्याच्या हातीं फावडें न देतां पाळी चालविण्यास सांगण्यासारखें होईल.